लागंल तेवढं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास बसत नसेल तर पान उलटा, माझा आग्रह नाही.

मी सोलापुरात एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. अठरा वर्षं झाली. कुणी अंगात आलेलं, बाहेरचं लागलेलं माणूस घेऊन आलं तर मी आधी त्याच्या तोंडात थर्मामीटर घालतो. त्यामुळं मला भोळा समजू नका.

तारीख सांगतो. ३ डिसेंबर १९७४. मंगळवार.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

जागा कोकणातली. रत्नागिरीच्या खाली, एक खाडी ओलांडली की समुद्रकाठी छोटं गाव लागतं. खरं नाव देत नाही, तिथं अजून माणसं राहतात. आपण बांदखोल म्हणू.

आणि जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी थोरली बहीण, काशम्मा. मी तिला अक्का म्हणायचो.

म्हणायचो, असं लिहावं लागतंय. या मे महिन्यात ती गेली. तिनं मला जे सांगितलं ते, आणि शेवटी मी जे कानानं ऐकलं ते, असं दोन्ही लिहून काढतोय.

अक्काला वळसंगला दिली होती. सोलापुराहून अक्कलकोटला जाताना लागतं ते. दाजी, म्हणजे तिचा नवरा गुरुबसप्पा, सोलापुरी चादरींचा फिरता धंदा करायचे. दिवाळी झाली की गठ्ठे एसटीवर चढवायचे ते थेट कोकणात. एखाद्या गावात खोली घ्यायची, दारोदार फिरायचं, गठ्ठा रिकामा झाला की घर गाठायचं. घरात सासू रत्नम्मा, तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. आणि एक लेक, शिवबाई. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. त्या पोरीला साधी शिंक आली तरी अक्काचं जेवणात लक्ष लागायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सोलापूरकराला सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो. वळसंगच्या विहिरींचे तळ दिसत होते. अक्का तीन मैलांवरून घागर आणायची, तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचं पिणं आणि रांधणं.

पण रत्नम्माचा एक नियम होता. दारात आलेल्या तहानलेल्याला 'पाणी न्हाय' म्हणायचं नाही. मीठ संपलं तर आपण संपलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. तसंच हे. घागर पालथी असली तरी 'बस, देते' म्हणायचं. आणि ओंजळीत पाणी ओतायला लागलं की पिणाऱ्यानं मान हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत आपला हात मागं घ्यायचा नाही. मेंढरांमागची माणसं यायची, खडी फोडणाऱ्या बाया यायच्या. स्वतःचा घसा कोरडा ठेवून अक्कानं त्यांच्या ओंजळी भरल्या. नियम तिच्या हाडात मुरला होता.

तेच नडलं.

त्या दुष्काळात तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. समुद्र बघायचा. एवढं पाणी एका जागी कसं दिसत असेल... घागर भरताना म्हणे तिला तेच दिसायचं. दोन वर्षं ती दाजींच्या मागं लागली. चौऱ्याहत्तरला दाजींनी हात टेकले आणि मायलेकींना बरोबर घेतलं. रत्नम्माजवळ तिची भाची राहिली.

बांदखोलात त्यांनी वच्छलाकाकूंकडं खोली घेतली. साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. बाजारपेठ म्हणजे दहा दुकानं, एक चहाचं हॉटेल आणि एसटीचा थांबा. तिथून नारळांच्या बागांमधून पायवाट गेली होती. वीस मिनिटं चाललं की समुद्र.

मंगळवारी सकाळी दाजी गठ्ठा खांद्यावर टाकून गावात गेले. अक्कानं फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या घेतला, काकूंच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं आणि पोरीला घेऊन निघाली.

काकू अंगणातून म्हणाल्या, "बाराच्या आत माघारी ये हो."

अक्काला वाटलं, उन्हाचं म्हणताहेत. तिला हसूच आलं. सोलापूरच्या बाईला कोकणातल्या हिवाळ्यातल्या उन्हाची काय भीती? आमच्याकडं यापेक्षा जास्त ऊन सावलीत असतं.

तिनं समुद्र बघितला आणि मटकन खाली बसली. मला सांगताना तिला नीट सांगता यायचं नाही. "चन्नू, शेवटच न्हाय रं त्याला," एवढंच म्हणायची. मग उठून पाण्यात गेली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. थू करून टाकली. एवढं पाणी आणि त्यातला एक घोट पिता येऊ नये... देवानं थट्टाच केली म्हणायची. समुद्राचा तिला चक्क राग आला.

शिवबाई वाळूत खड्डे करत बसली. तास गेला, दोन तास गेले.

किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या होत्या, जाळी वाळत होती. सकाळी माणसं होती तिथं. जाळी शिवणारे दोन म्हातारे होते, माशांच्या टोपल्या घेऊन बायका जात-येत होत्या.

अक्कानं मान वर केली तेव्हा कुणीच नव्हतं.

कावळेही नव्हते.

मागं सुरूची झाडं होती. त्यांचा सकाळपासून सूं सूं आवाज चालला होता. तोही थांबला होता... लाटा येत होत्या, पण फुटल्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

आणि दहा पावलांवर एक बाई बसली होती.

नऊवारी लुगडं, कोळणीसारखं नेसलेलं. लुगडं ओलंचिंब होतं. केस ओले, पाठीवर सोडलेले. हाताच्या कातडीवर पांढरं पांढरं मीठ फुटलं होतं. पाठमोरी होती. अक्काला वाटलं, कामाची बाई आहे, दमून टेकली असेल.

तेवढ्यात ती बाई वळली. मान खाली होती. केस तोंडावर आले होते.

बोलली काहीच नाही. तिनं फक्त ओंजळ पुढं केली.

आता सांगा. दुष्काळातून आलेली बाई, हातात भरलेला तांब्या, समोर ओंजळ. तुमच्या-माझ्यासारख्यानं विचारलं असतं, बाई तू कोण, कुठली. अक्कानं झाकण फिरवलं आणि पाणी ओतायला लागली.

बाईनं ओंजळीत तोंड घातलं.

अक्का ओतत राहिली. ती पीत राहिली...

मान काही हलेना.

अर्धा तांब्या झाला. मग तिच्या ध्यानात आलं की घशाचा आवाज येत नाही. तहानलेलं माणूस पितं तेव्हा घटघट आवाज येतो. दुष्काळात तो आवाज तिनं रोज ऐकला होता. इथं ओतल्याची धार तेवढी ऐकू येत होती.

पाणी आटत गेलं. शेवटचा थेंब पडला. ओंजळ तशीच पुढं होती.

अक्काला शरम वाटली. तहानलेल्याची मान हलायच्या आधी तिचा हात थांबला होता. 'न्हाय' तर म्हणायचं नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "घरला चल बाई. लागंल तेवढं देते."

ओंजळ हळूच मिटली.

मागून शिवबाईनं हाक मारली म्हणून अक्का वळली. पुन्हा बघितलं तर समोर कुणी नव्हतं. पावलांच्या खुणा नव्हत्या. आणि जिथं तांब्याभर पाणी ओतलं होतं, तिथली वाळू कोरडी ठणठणीत होती. एक थेंबही सांडला नव्हता.

अक्कानं पोरीचा हात धरला आणि चालायला लागली. बागेत शिरल्यावर शिवबाईनं विचारलं. पोरगी बुटकी, खालून बघत होती ना ती.

"अव्वा, त्या बाईच्या तोंडात एवढी वाळू का होती?"

अक्कानं तिला कडेवर उचललं आणि खोली गाठेपर्यंत मागं बघितलं नाही.

दुपारी पोरगी झोपली. अक्का तिच्याजवळ आडवी झाली होती. दाजी अजून आले नव्हते. घर शांत होतं...

घट... घट... घट...

कोपऱ्यातून आवाज येत होता. माठ होता तिथून.

अक्का उठून गेली. सकाळी काठोकाठ भरलेला माठ रिकामा होता. तळाशीसुद्धा ओल नव्हती. फुटला असेल म्हणून तिनं उचलून बघितला, खालची सारवलेली जमीन चाचपली. कोरडी होती.

तिनं वच्छलाकाकूंना सगळं सांगितलं. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

सात वर्षांमागं खाडीच्या तोंडाशी होडी उलटली होती. लग्नाला निघालेल्या बायका होत्या. सगळ्या मिळाल्या, जिवंत नाहीतर मेलेल्या, पण एक सोडून. ती एका फळीला धरून बाहेर वाहत गेली. तिसऱ्या दिवशी मच्छीमारांना लांबून दिसली. जिवंत होती. हात केला तिनं. होडी पोचेपर्यंत फळी तेवढी राहिली होती. तीन दिवस चहूकडं पाणी, आणि प्यायला थेंब नाही... तेव्हापासून गावातलं कुणी बाराच्या पुढं वाळूवर पाणी घेऊन जात नाही.

"तुला मी सांगायला हवं होतं गो," काकू म्हणाल्या. "नवीन माणसाला कशाला घाबरवा, म्हणून गप्प बसले."

मग त्यांनी एकच विचारलं. "तू तिला काय बोललीस?"

अक्कानं सांगितलं.

"खोलीवर चल म्हणालीस?"

"न्हाय. घरला चल म्हनलं."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. दाजींना सांगून काही होईल का, गुरवाला बोलवू का, असं अक्का विचारत राहिली. काकूंनी मान हलवली.

"ज्या हातचं पाणी प्याली, त्या हाताचंच ती ऐकते. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकायची."

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कानं दाजींना अर्धा गठ्ठा तसाच बांधायला लावला आणि तिघं निघाली. निघताना काकूंनी फडक्यात बांधलेले मिठाचे खडे शिवबाईच्या हातात दिले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. अक्काला वाटलं, दृष्टीसाठी असतील. तिनं ती पुरचुंडी चादरीच्या गठ्ठ्यात खुपसली आणि विसरून गेली.

वळसंगला आल्यावर आठ दिवस काही झालं नाही. अक्काला वाटलं, सुटलो. समुद्र राहिला तिकडं दोनशे मैल, घाटाच्या पलीकडं. आमच्या कोरड्या मुलखात कशाला येतंय कोण?

नवव्या दिवशी दुपारी रत्नम्मा दाराशी बसली होती. अक्का आत भाकरी थापत होती. सासूचं बोलणं तिला ऐकू आलं. सासू कुणाला तरी कानडीत म्हणत होती, आत ये, बस, सून देते.

अक्का पिठाच्या हातानं बाहेर आली.

दारात कुणी नव्हतं.

"कोन आलंय?" तिनं विचारलं.

"बाई हाय की कुनीतरी. पानी मागतीया." रत्नम्मानं उंबऱ्याकडं बोट केलं. तिला धड दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. "नीरु कोडु म्हनली. आवाज लई बसलाय बिचारीचा. आत घेतली मी."

समुद्रावर जिनं तोंड उघडलं नाही, ती इथं आमच्या कानडीत पाणी मागत होती... ही गोष्ट सांगताना अक्का नेहमी पदर तोंडाला लावायची.

त्या दुपारी शिवबाईला तहान लागली.

पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं नाही. पोर खेळून आली, दोन पेले पाणी प्याली. मग आणखी दोन. मग तांब्या तोंडाला लावला. रात्रीपर्यंत तिचे ओठ फुटले. पाणी तर पोटात जात होतं. अक्का स्वतः समोर बसून पाजत होती.

तेव्हा तिला ते कळलं.

पोरगी पेला तोंडाला लावायची. पाणी तोंडात जायचं. पण गळा हलायचा नाही.

घट... घट... आवाज यायचा तो पोरीच्या पाठीमागून.

चौथ्या दिवशी दाजी पोरीला उचलून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. मी ओळखलीच नाही. डोळे खोल गेलेले, जीभ वाळलेली, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. डॉक्टरांना आधी साखरेचा संशय आला. लघवी मीच तपासली, औषध घालून उकळली. साखर असली तर लाल होते. निळी ती निळीच राहिली. जुलाब नाहीत, उलटी नाही, ताप नाही. दिवसाला दोन घागरी पाणी पिणारं लेकरू पाण्यावाचून मरत होतं.

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ग्लुकोजची बाटली लावली. भराभर बाटली उतरली. पोरीच्या अंगात काहीच फरक नाही. दुसरी लावली, तीही तशीच गेली. दुसरी बाटली चालू असताना मी कॉटजवळ उभा होतो...

घशाचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. मी कॉटखाली वाकून बघितलं. भिंत होती नुसती.

मग ग्लुकोजच्या बाटल्या संपल्या म्हणून मी साधं सलाईन लावलं. आणि तासाभरात पोरीची जीभ ओली झाली. तिनं डोळे उघडले. मला 'मामा' म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, चला, लागू पडलं. पण मी विचार करत राहिलो. ग्लुकोज म्हणजे गोड पाणी. सलाईन म्हणजे तरी काय? मिठाचं पाणी.

मी अक्काला तेवढंच बोललो. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिला काकूंची ती पुरचुंडी आठवली. तीन दिवस खाऱ्या पाण्यानं घेरलेल्या बाईला खारं पाणी नको होतं. त्याला ती शिवत नव्हती.

घरी आल्यावर अक्का पोरीला मिठाचं पाणी पाजायला लागली. त्यानं जीव राहिला. पण सहा वर्षांचं लेकरू मिठाच्या पाण्यावर किती दिवस काढणार? तिला ओकाऱ्या व्हायला लागल्या, पाय सुजले. रात्रंदिवस एकच रड, अव्वा गोड पाणी दे. आईनं ते रडणं ऐकत तिच्या तोंडाला मिठाचा पेला लावायचा, असं एकवीस दिवस चाललं. मी दर रविवारी जायचो आणि काही न करता परत यायचो. आमच्या मठाच्या स्वामींना आणलं, त्यांनी विभूती लावली. दाजी उंबऱ्यात उभे राहून भरली घागर पुढं करून म्हणाले, पोरीला सोड, माझं पी. तीनदा म्हणाले. घागर जशीच्या तशी भरलेली राहिली. ती त्यांचं ऐकत नव्हती.

बाविसाव्या दिवशी दुपारी बाराला अक्का न्हाली. लिंगपूजा केली. भरलेला तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी तिथं होतो, दाजी होते. आम्ही तिला अडवलं नाही. काय करणार आहे ते कळत होतं, तरी अडवलं नाही, हे मी इथं कबूल करतो.

"लेकरू सोड," अक्का म्हणाली. "माझं पी. मी जिती हाय तवर माझं पी."

तिनं तांब्या कलता केला. धार खाली पडली...

जमीन भिजली नाही.

आतून शिवबाईचा आवाज आला. ती पाणी पीत होती. तिच्या स्वतःच्या घशातून घटघट आवाज येत होता. अक्का ते ऐकत दाराला टेकून बसली आणि तिचे ओठ आमच्यादेखत पांढरे पडत गेले.

त्यानंतर माझ्या बहिणीनं साडेचार वर्षं गोड पाण्याचा घोट गिळला नाही.

पेल्यात मिठाची चिमूट टाकायची आणि नाक दाबून प्यायची. अंगाची काडी झाली, चेहरा सुजला. मूत्रपिंडं गेली, असं डॉक्टर म्हणाले. मिठाचं प्रमाण मी मोजून पुड्या बांधून द्यायचो, एवढीच माझी मदत. लोकांना सांगितलं पोटाचा विकार आहे. उन्हाळ्यात कुणी माठातलं पाणी प्यायला लागलं की ती उठून आत जायची. शिवबाई मात्र वाढत होती, शाळेत जात होती, दोरीच्या उड्या मारत होती. अक्का ओट्यावर बसून तिला बघायची आणि म्हणायची, "माझं काय बी होऊ दे. पोरगी गोड पानी पितीया की."

पोरीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

मे महिन्यात अक्का अंथरुणाला खिळली. १७ तारखेला दुपारी तिचा श्वास लागला. जवळ मी होतो. दाजी स्वामींना आणायला गेले होते. तिनं माझा हात धरला आणि पहिल्यांदा मागितलं.

"चन्नू... बिनमिठाचं दे की रं."

मरणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं का? मी माठातलं थंड पाणी वाटीत घेतलं. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं घातलं. अक्काचं तोंड उघडं होतं. पाणी आत जात होतं. गळ्यावर माझा हात होता.

गळा हलला नाही.

घट... घट... घट...

माझ्या कानाशी. अगदी डाव्या कानाशी. ओल्या लुगड्याचा वास आला. मला हात मागं घेता येत नव्हता. मी वाटी संपेपर्यंत घालत राहिलो. अक्का माझ्याकडं बघत होती. शेवटचं पाणीही तिला मिळालं नाही. ती तहानलेलीच गेली.

तिला माती दिली. तिसरा दिवस झाला. आम्ही रडून रडून दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर मनात कुठंतरी आलं की सुटली बिचारी.

चौथ्या दिवशी दुपारी शिवबाई बाहेरून आली. अकरा वर्षांची आहे आता.

"मामा, लई तहान लागलीया."

मी पेला भरून दिला. तिनं तोंडाला लावला. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो...

आवाज तिच्या पाठीमागून आला.

'मी जिती हाय तवर', असं म्हणाली होती अक्का. तेवढाच शब्द होता. आम्हा एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्याच दिवशी दाजी उंबऱ्यात गेले. घागर घेऊन पुन्हा तेच म्हणाले. काही झालं नाही. त्यांच्या हातचं ती कधी प्यायलीच नव्हती.

माझ्या हातची अख्खी वाटी प्याली.

हे दाजींना मी सांगितलेलं नाही. वाटीचं कुणालाच माहीत नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

पोरीला तहान लागल्याला आज अकरावा दिवस. मी रजा काढून वळसंगलाच आहे. मिठाच्या पुड्या बांधून ठेवल्यात. पोरीचे पाय सुजायला लागलेत. बांदखोलला वच्छलाकाकूंना पत्र टाकलं होतं, ते माघारी आलं.

रोज बाराला मी भरला तांब्या घेऊन उंबऱ्यात जातो. अक्काचं ते वाक्य मला पाठ आहे. तोंड उघडतो... आणि सोलापुरात माझी बायको आहे, दोन लहान पोरं आहेत, ती डोळ्यापुढं येतात. मग अक्काचा पांढरा पडलेला ओठ डोळ्यापुढं येतो.

आतून शिवबाई हाक मारते, "मामा, आज तरी बिनमिठाचं दे की."

मी तांब्या खाली ठेवतो आणि पुडी सोडतो.